घर माझ्याकडे, माइक हिच्याकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

घर अजून उभं आहे!

ही सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. जाताना दारात उभी राहून तिसऱ्यांदा सांगून गेली — पाणी पावणेसातला येतं, पाऊणच तास. पिण्याचं आधी भरायचं. कुकर तीन शिट्ट्या. आईंची गोळी खाऊन झाल्यावर, आधी नाही. लेकीला दोन हाका मारायच्या, दुसरी जोरात. "लक्षात राहील ना?" म्हणे. अगं, जिन्याखालच्या चार फूट जागेत एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो होतो मी. आज सहा माणसं माझ्याकडे पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात. मला तीन शिट्ट्या लक्षात राहणार नाहीत?

हिला बसस्थानकात नोकरी लागली आहे. घोषणा करायच्या. माइकवरून! बावीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही, आता सगळ्या स्थानकाला ऐकवणार. सकाळी सात ते दुपारी तीन. महिनाभर कच्ची नोकरी. अठ्ठावीस तारखेपर्यंत फॉर्म भरून द्यायचा की कायम व्हायचंय. दिला तर कायम, नाही तर दुसरी बाई तयार आहे. काल म्हणाली, "घराचे हाल व्हायला लागले तर मी फॉर्म देणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"हाल? घर म्हणजे काय गं, मोटार. एकदा चालू केली की फिरत राहते."

आई आणि लेक एकमेकींकडे बघून हसल्या. आई सत्त्याहत्तर वर्षांची. लेक सतरा वर्षांची, तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण पाणी मागितलं तरी ती पुरावा मागते. दोघींचं एरवी कशावर एकमत होत नाही. माझ्यावर हसायचं असलं की लगेच होतं.

तर पहिला दिवस. पाणी भरलं. गोळी दिली — खाण्याच्या आधी, पण दिली. वकीलसाहेबांना पाच हाका लागल्या. भात जरा दाताखाली येत होता. दहाला दुकान उघडलं. साडेदहाला लक्षात आलं, पायात दोन वेगळ्या चपला आहेत.

पण मजा आली! खरंच सांगतो, मजा आली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भात आजही कच्चा. तीन शिट्ट्या मोजून घेतल्या होत्या, बोटांवर. आई एक घास घेऊन म्हणाली, "माझे दात नवीन आहेत रे, त्यांची सवय होऊ दे." ही चारला आली, तोच भात जेवली आणि म्हणाली, "छान मोकळा झालाय."

मोकळा! अक्षता म्हणून टाकता आला असता. पण ही नावं ठेवत नाही म्हणजे फॉर्मच्या दृष्टीने ठीक आहे. आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात ठराव केला — घरात काहीही बिघडलं तरी हिच्या कानावर जाता कामा नये. अठ्ठावीसपर्यंत सगळं आलबेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

कुकर दुकानात नेला. रबर बघितलं, शिट्टी खोलली, झाकण पाण्यात बुडवून हवा भरली. दोष नाही. वाइंडरकाका — माझ्याकडे सगळ्यात जुने, दिवसाला अकरा शब्द बोलणारे — म्हणाले, "मालक, कुकर बरा आहे." राहिलेले सात शब्द त्यांनी जपून ठेवले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहिताना अजून हसतोय.

मी कोण? रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोच्या नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. लोक बंद पंखा घेऊन येतात, मी हाताने पातं फिरवतो, कान लावतो, निदान तयार. आज सकाळी ओट्यापाशी उभा होतो. शिट्टी झाली. मी म्हटलं, "एक." तेवढ्यात सहज नजर गेली — आमच्या कुकरची शिट्टी हललीच नव्हती! गप्प बसली होती, शहाण्या मुलासारखी. पुन्हा शिट्टी झाली. आमची जागची हलेना.

आवाज खिडकीतून येत होता. आमचं आणि शेजारच्या शिक्षिकाबाईंचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर, दोन भिंतींमधल्या अरुंद पोकळीत, उघडतं. मी गेले चार दिवस बाईंच्या शिट्ट्या मोजून आमचा गॅस बंद करतोय!

मान बाहेर काढली, तर पलीकडून बाईंचीही मान बाहेर.

"भाऊ, तुमच्याकडे गॅस मंद येतो का हो? आमची डाळ चार दिवस शिजतच नाही."

"तुम्ही किती शिट्ट्या घेता?"

"तीन."

"कोणाच्या?"

बाईंनी वळून आपल्या कुकरकडे बघितलं. मग त्या डक्टमध्ये जे हसणं घुमलं! वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. म्हणजे त्यांचा कुकर आधी बोलला की मी बंद करणार, माझा आधी बोलला की त्या. दोन घरं कच्चं खात होती, आणि दोन्ही घरांत दोष कुकरला.

शेवटी वेळापत्रक ठरलं. आमचा सात दहाला, त्यांचा सात तीसला. शाळेच्या बाई त्या, लगेच म्हणाल्या, "गॅस बंद केला की 'गाडी सुटली' म्हणून आवाज द्या, मग मी लावते."

वकीलसाहेबांचा निकाल: "म्हणजे बाबा, तुम्ही शेजारच्यांच्या शिट्टीवर घर चालवत होता."

संध्याकाळी आईने हिला अगदी भोळेपणाने विचारलं, "सूनबाई, तू गं कशा मोजायचीस शिट्ट्या? डक्टमधून त्यांच्याही येतात ना?"

"मी कुठे मोजते, आई? वासावर बंद करते. ह्यांना तीन सांगितल्या. नाकावर बंद करा म्हटलं असतं तर ह्यांनी वाद घातला असता."

घातला असता. खरं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज भात असा झाला की आईने मागून घेतला. मी दुकानभर सांगत सुटलो. शेजारच्या दुकानातला टायरवाला म्हणाला, "शेठ, काल त्या गिरणीची वीस घोड्यांची मोटार चालू केलीत तेव्हा एवढा आनंद नव्हता."

"तिला कोणी 'अजून वाढ' म्हणालं का?"

आमचं दुकान बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून. वारा इकडचा असला की घोषणा स्वच्छ ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात हिचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता. "प्रवाशांनी. कृपया. लक्ष द्यावे." आज तो सुटला! अकरा चाळीसची गाडी लागून दहा मिनिटं झाली, ड्रायव्हर कँटीनमध्ये. तर माइकवरून — "अकरा चाळीसच्या गाडीचे चालक, प्रवासी आत बसलेत, तुम्हीही बसा. दुसरा कप आल्यावर घ्या." सगळं स्थानक हसलं. भिंतीपलीकडून हसण्याची लाटच आली. टायरवाला धावत आला, "वहिनींनी माइकवर झापलं राव!"

मी खटाखट सगळी मशिनं बंद केली. पुढची घोषणा ऐकायला. वाइंडरकाका म्हणाले, "मालक, दर घोषणेला मशीन बंद केलं तर काम कधी?" नऊ शब्द! त्यांनाही आवडलं असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गुलाबी.

हिच्या युनिफॉर्मचे दोन शर्ट, फिकट निळे. एक अंगावर, एक धुवायला. धुवायच्या शर्टाबरोबर मशीनमध्ये दुकानातलं लाल फडकं गेलं. कोणी टाकलं, यावर वकीलसाहेबांनी चौकशी बसवली. आरोपी मीच निघालो.

आई म्हणाली, "उन्हात टाक." लेक म्हणाली, "व्हिनेगर." मी दोन्ही केलं. गुलाबी जाऊन जांभळट झाला.

चारला ही येईल, कपाट उघडेल, संपलं! डोकं चालवलं. ही आल्याबरोबर म्हटलं, "काढ तो शर्ट, बटण सैल दिसतंय, लावून देतो." हिने बटण चाचपून बघितलं आणि शर्ट दिला. तोच धुतला आणि दुकानात पळवला. मोटारीच्या वाइंडिंगवर वॉर्निश मारलं की सुकवायला आमच्याकडे गरम हवेचा ब्लोअर आहे. त्याच्यासमोर टांगला. वीस मिनिटांत कडक! इस्त्री करून सातच्या आत घरी. जांभळा शर्ट गादीखाली. उद्या त्याच रंगाचं कापड शोधतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही घरी आल्यावर सांगत होती, "आज गंमत झाली. ड्रायव्हर सारखे विचारत होते, नवी गाडी आली का? रंगाचा वास येतोय."

वॉर्निश! वकीलसाहेब ठसका लागल्याचं निमित्त करून बाहेर पळाल्या.

"आली असेल नवी गाडी," मी म्हटलं.

"असेल," ही म्हणाली. आणि स्वतःच्या बाहीचा वास घेतला. काय कळलं, काय नाही, देव जाणे. कापड मिळालं, शिंप्याने दोन तासांत शर्ट शिवून दिला. शिंपी म्हणाला, "वहिनींचं माप कसं हो पाठ?" नव्हतं पाठ. जांभळा शर्ट दाखवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सगळं सुरळीत. इतकं की मी सकाळी शीळ घालत होतो आणि पलीकडून बाई ओरडल्या, "भाऊ, ही शिट्टी कोणाची धरू?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज हसायला येत नाही.

नळ चालू होता, बादली भरत होती. कुकर उतरवला आणि डक्टमध्ये तोंड घालून "गाडी सुटली!" केलं. बाईंनी विचारलं, "वेळेवर का हो?" मी काहीतरी उत्तर दिलं, त्यांनी प्रत्युत्तर दिलं. आम्हाला आता त्याचं व्यसन लागलंय. बादली वाहिली. पाणी घरातल्या बोळात आलं. आई गोळी घ्यायला उठली आणि घसरली.

आवाज ऐकला मी. तो आवाज मला ओळखता आला नाही. बेअरिंग ओळखणारा माणूस!

डॉक्टर घरी आले. हाड मोडलं नाही, घोटा मुरगळलाय. पट्टी, आणि आठवडाभर पाय खाली टेकवायचा नाही. मी आईच्या पलंगापाशी बसलो. म्हटलं, "आई, खेळ पुरे झाला. आज हिला सांगतो. तुझ्यापेक्षा नोकरी मोठी नाही."

आईने माझा कान धरला. या वयात!

"एक अक्षर बोलायचं नाही. पाय माझा आहे."

"अगं पण—"

"मला टपाल खात्यात नोकरी आली होती. तू पोटात पण नव्हतास. कागद हातात घेऊन तुझ्या वडिलांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत हो, भला माणूस. म्हणाले, 'बघू.' मग रोज सकाळी मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, ते पेपरकडे बघायचे. असं बघता बघता तारीख गेली." आणि मग म्हणाली, "शाल दे इकडे. पाय झाकते. ती आली की सांग, आईला थंडी वाजतेय."

मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं एका घरात राहतो आम्ही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी निघण्याआधी ही आईजवळ बसली. आई शाल गुंडाळून, वर पंखा पाचावर.

"आई, थंडी वाजते?"

"वाजते ना."

"मग पंखा बंद करू?"

"नको!" आई एवढ्या जोरात म्हणाली की ही दचकली. "वारा हवा. थंडी पायात आहे नुसती."

"असं," म्हणून ही उठली.

दुपारी मात्र एक झालं. दुकानात घोषणा ऐकू आली — "फलाट क्रमांक तीनवर पाणी सांडले आहे. ज्येष्ठ प्रवाशांनी सांभाळून चालावे. आणि ज्यांनी सांडले त्यांनी पुसावे." मी चपापलो. वाइंडरकाकांनी माझ्याकडे बघितलं. शब्द खर्च केला नाही.

योगायोग. फलाटावर पाणी सांडत नाही का?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आईच्या उशाशी मुरगळल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब. मी ठेवली नाही. वकीलसाहेब शपथेवर सांगतात, त्यांनी ठेवली नाही. आई म्हणते, "मग काय मी उडत जाऊन आणली?"

वकीलसाहेबच असणार. उलटतपासणीत फुटत नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रात्रीच्या जेवणाला वकीलसाहेबांनी थेट विचारलं, "आई, फॉर्म दिलास का?"

ही ताटातून वर न बघता म्हणाली, "बघू."

आईच्या हातातली वाटी आपटली. "या घरात तो शब्द नको! हो म्हण, नाही म्हण. बघू म्हणू नकोस."

 हिने हातातला घास ठेवून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं आई. नाही म्हणत तो शब्द." पण हो देखील म्हणाली नाही!

सहा दिवस राहिले. मी काय कमी केलं? आता गोळी खाल्ल्यावर देतो. हाका दोनच लागतात. परवा तर बोळातला दिवा बदलला — चार वर्षं ही सांगत होती, मी, मोटारीवाला!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आई पाय टेकवून चालली. ही घरी नसताना, दारापर्यंत आणि परत. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. डक्टमधून बाईंनीही, त्यांना कशाबद्दल ते माहीत नव्हतं.

आज दुपारी मुद्दाम स्थानकात गेलो. खांबाआड उभा राहिलो. काचेच्या केबिनमध्ये ही, समोर माइक, हातात पेन्सिल. एक म्हातारे गृहस्थ काचेवर टकटक करून काही विचारत होते. हिने त्यांना बोटाने दाखवलं, मग माइक लावला — "फलाट पाच. काकांना थोडा वेळ लागेल, गाडी थांबवा." आणि गाडी थांबली. अख्खी गाडी! हिच्या एका वाक्यावर. मी बावीस वर्षांत हिच्या वाक्यावर कधी थांबलो होतो?

हिचा चेहरा असा होता, जसा मला दोनतीनदाच दिसलाय. लेक झाली तेव्हा एकदा.

फॉर्म द्यायलाच हवा. मी स्वतः म्हणणार नाही. म्हटलं तर माझ्यासाठी दिल्यासारखं होईल. घर मात्र असं चालवून दाखवतो की नाही म्हणायला हिला जागाच उरायला नको!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या शेवटची तारीख. ही जेवून शांतपणे झोपली. झोप येतेच कशी?

आम्ही तिघांनी आज घर धुतलं. आई बसल्या बसल्या हुकूम सोडत होती, वकीलसाहेब जाळी काढत होत्या, मी पंख्यांची पाती पुसली. ही येऊन म्हणाली, "कोणी येणार आहे का?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी दोन

वकीलसाहेबांचा दुकानात फोन. "बाबा! फॉर्म घरीच आहे! आईने पर्समध्ये नेलाच नाही, कपाटात घडी घालून ठेवलाय. कोरा! सही नाही, नाव नाही, काही नाही!" मागून माझी आई ओरडतेय, "पळ म्हणावं त्याला!" हिचा फोन केबिनमध्ये बंद असतो. ऑफिस तीनला बंद. मशिनं काकांवर सोडली. आधी घरी, फॉर्म घ्यायला निघालो!

संध्याकाळी

कोरा फॉर्म फडकावत स्थानकाच्या ऑफिसात शिरलो तेव्हा तीनला चार मिनिटं होती. कारकूनबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ही जादा प्रत आहे हो. तुमच्या मिसेसनी भरलेला फॉर्म कधीच दिलाय. चार तारखेला. म्हटलं, एवढी घाई कशाला, महिना आहे, घरी विचारा. तर म्हणाल्या, घरच्यांचं चालेल, माझं ठरलंय."

चार तारखेला! म्हणजे दुसऱ्याच दिवशी!

दुकान बंद करून घरी आलो. आई आणि वकीलसाहेब दारातच. "दिलास का? झालं का?" ही आधीच येऊन चहा घेत बसली होती. हिने माझ्या हातातल्या कोऱ्या फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हिच्याकडे.

"मुदत वाढवलीय," मी म्हटलं. "एकतीस मार्चपर्यंत."

"मग उद्यापासून जरा नीट करायला हवं," आई म्हणाली. वकीलसाहेब लगेच नवं वेळापत्रक आखायला बसल्या.

हिने कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. कप रिकामा होता.